आयर्विनला किती फूट?

सांगलीत पावसाळ्यात ओळखीचा माणूस भेटला की आधी विचारतो, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, त्या आकड्याची ही चौकशी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आमच्या शाळकरी पोरांनासुद्धा हे आकडे पाठ असतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७च्या वर गेला.

मी औषधविक्रेता. मारुती चौकापासून चालत पाच मिनिटांवर आमचं मेडिकल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. खाली दुकान, माडीवर घर. गेल्या वर्षभरात तीन-चार ओळखीच्या माणसांनी, सगळे पन्नाशीच्या आसपासचे पुरुष, काउंटरला गर्दी नाही असं बघून हळूच विचारलं, "तू त्या मॅडमकडे जात होतास म्हणे. तिथं नक्की काय करतात?" मॅडम म्हणजे समुपदेशक. प्रत्येकाला उभ्या उभ्या काहीतरी अर्धवट सांगितलं. घरी आल्यावर वाटायचं, याला नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

२००५च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानाच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं केली होती. बोटभर जाडीची आडवी रेघ. पाणी वाढायला लागलं की सगळा माल त्या रेघेच्या वर चढवायचा आणि शटर ओढून माडीवर जाऊन बसायचं, हा आमच्या घराचा नियम. २०१९ला नागपंचमीच्या दिवशी आम्ही तेच केलं. दुकानातला मुलगा, मी आणि अण्णा. अण्णा शहात्तर वर्षांचे होते, हृदयाचं पंपिंग तीस टक्के, तरी स्टुलावर बसून कुठलं खोकं कुठं जाईल ते सांगत होते. मी म्हणालो होतो की इन्सुलिन आणि महागडी इंजेक्शनं तरी विश्रामबागला मेहुण्याकडे नेऊन ठेवू. अण्णा म्हणाले, "रेघेच्या वर पाणी येत नाही."

पाणी रेघेच्या वर आलं. दुकान छतापर्यंत भरलं आणि जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या तेवढ्या कोरड्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी गॅलरीतून आम्हाला बोटीत उतरवलं. लेक तेव्हा चौथीत होती, तिला बायकोनं ओढणीनं स्वतःला बांधून घेतलं होतं. बोट आमच्याच दुकानाच्या पाटीवरून पुढे सरकली आणि माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या रेघेनं बुडवलं आपल्याला."

अण्णा काहीच बोलले नाहीत. पाणी उतरल्यावर पंधरा दिवस आम्ही चिखल उपसत होतो, भिजलेल्या औषधांच्या याद्या करत होतो, पंचनामा, विमा, एफडीए (अन्न व औषध प्रशासन), माल नष्ट केल्याचे कागद. अण्णा एकदाही खाली आले नाहीत. दुकानाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये झोपेत गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन आला. सगळं बंद आणि मेडिकल उघडी. रडायलाच काय, बसायलाही वेळ नव्हता. मग २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी माल वाचला, कारण मी आधीच हलवला होता, पण पाणी उतरलं तरी माझी झोप काही परत आली नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की छाती धडधडायची, आणि औषधाच्या दुकानात पुठ्ठ्याची खोकी रोज येतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीची पातळी किती, हे मोबाइलवर बघत राहायचो. जानेवारीतसुद्धा.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलम लिहून दिली, ०.२५ मिलिग्रॅम, रात्री एक. चिठ्ठी दहा दिवसांची होती. मी ती दोन वर्षं वापरली. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये येतं. २०१४पासून त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं. ते रजिस्टर मी वर्षानुवर्षं चोख ठेवलं आणि गिऱ्हाइकांना सांगत आलो की ही गोळी सवय लावते, चिठ्ठी नसेल तर मिळणार नाही. आणि शटर ओढल्यावर स्वतः कपाटातून स्ट्रिप काढत होतो. ०.२५चे ०.५ झाले, मग सकाळीही एक लागायला लागली. २०२३पर्यंत दिवसाला एक मिलिग्रॅम. ज्या माणसाला सगळं माहीत असतं त्याला मदत मागायची लाज जास्त वाटते. माझ्या धंद्यातल्या, आणि डॉक्टर-नर्सच्या कामातल्या कुणी हे वाचत असेल तर मुद्दाम त्यांच्यासाठी हे लिहितो.

त्याआधी, २०२२च्या उन्हाळ्यात, मी एक शिबिर केलं होतं. "लाइफ कोच" म्हणवणाऱ्या एका गृहस्थांचं, परगावच्या हॉटेलात, दोन दिवसांचं, नऊ हजार रुपये. दीडशे माणसं होती. मोठ्या आवाजात संगीत, टाळ्या, उड्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कागदावर आपल्याला मागे खेचणारी एक गोष्ट लिहायला सांगितली आणि ते कागद घमेल्यात जाळायला लावले. मी "अण्णा" असं लिहिलं होतं. कागद पेटला तेव्हा सगळे ओरडत होते आणि मला वाटलं की मी दुसऱ्यांदा अग्नी देतो आहे, आणि या वेळी रागानं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. त्यानंतरचे काही महिने आधीपेक्षा वाईट गेले. कोणी "पुढे बघा" म्हटलं की माझे कान गरम व्हायचे.

२०२३च्या जुलैत एका रात्री दोन वाजता १४४१६ला फोन केला. टेलिमानस, सरकारी मदतवाहिनी, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तिचं पत्रक आमच्या दुकानात काचेला चिकटवलेलं होतं, मीच चिकटवलेलं. पलीकडच्या बाईंनी मला वीसेक मिनिटं बोलू दिलं आणि शेवटी म्हणाल्या की हे एका फोनमध्ये संपण्यासारखं नाही, समोर बसून बोलायला कुणीतरी हवं. आठवड्याभरानं मी विश्रामबागमधल्या एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. नाव लिहीत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही.

साधी खोली. दोन खुर्च्या, स्टुलावर पाण्याचा तांब्या, एक जास्तीची खुर्ची भिंतीशी. पन्नास मिनिटांचे सातशे रुपये. पहिल्या दिवशी त्यांनी एक कागद वाचून दाखवला. इथलं बोलणं इथंच राहील, पण माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं किंवा न्यायालयानं मागितलं, तर गुप्तता पाळता येणार नाही. मग दोन प्रश्नावल्या. नैराश्याची नऊ प्रश्नांची, तिचे जास्तीत जास्त गुण २७. चिंतेची सात प्रश्नांची, तिचे २१. माझे आले १७ आणि १६. मला आकड्यांची सवय, म्हणून ते बघून जरा बरंच वाटलं. कोणीतरी मोजलं होतं.

नैराश्याच्या यादीत नववा प्रश्न जिवाबद्दलचा असतो. मी "काही दिवस" यावर खूण केली होती. मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" इतक्या साध्या आवाजात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खरं सांगितलं: करायचं असं काही मनात नाही, पण सकाळी जाग आली नसती तर बरं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं. पुढचा प्रश्न त्यांनी दुकानाबद्दल विचारला. कपाटाची किल्ली कुणाकडे असते? त्या संध्याकाळपासून झोपेच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली बायकोकडे गेली आणि रात्रीची मोजणी दुकानातला मुलगा करायला लागला. बायकोला हे सांगताना त्या सोबत होत्या. अल्प्राझोलमचं कळल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते, "एकदम बंद करू नका." ते मलाही माहीत होतं, इतक्या दिवसांची गोळी अचानक तोडली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. पण माहीत असणं आणि कुणीतरी आपल्याला सांगणं यांत फरक आहे. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांकडे त्यांनी पाठवलं. तज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, आधी ५, मग १० मिलिग्रॅम, आणि अल्प्राझोलम चार महिन्यांत थोडी थोडी कमी करत बंद केली. गोळ्या आणि बोलणं दोन्ही बरोबर चालेल, हे दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवलं. माझी लेखी परवानगी घेऊन.

आता ओळखीचे विचारतात त्या प्रश्नाकडे येतो. तिथं करतात काय?

मॅडमच्या पाटीवर "एकात्मिक समुपदेशन" असं आहे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मी विचारलं, एकात्मिक म्हणजे सगळ्याचं थोडं थोडं का? माझ्या डोक्यात आमच्या धंद्यातली कॉम्बिनेशनची गोळी होती. एका गोळीत तीन औषधं, प्रमाण ठरलेलं. त्यांतल्या कितीतरी गोळ्यांना शास्त्रीय आधार नसतो. मार्च २०१६मध्ये केंद्र सरकारनं अशा ३४४ कॉम्बिनेशनवर एकदम बंदी घातली होती, पुढे ते प्रकरण न्यायालयात गेलं, आम्हाला रातोरात माल बाजूला काढावा लागला होता. अशा गोळीची मुख्य अडचण ही की एक औषध वाढवायचं आणि दुसरं कमी करायचं म्हटलं तर जमत नाही. सगळी एकदम वाढतात, एकदम कमी होतात. मॅडमनी हे नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी वेगवेगळ्या बाटल्या ठेवते. कुठली, केव्हा, किती, ते आपण दोघं मिळून दर वेळी ठरवू."

माझ्यापुरतं यातच सगळं आलं. पुढचे अकरा महिने, चोवीस भेटी, मी त्या बाटल्या उघडताना आणि बंद करताना पाहिल्या.

पहिल्या तीन-चार भेटी त्यांनी फक्त ऐकलं. मी लॉकडाऊनबद्दल बोललो, स्टॉकिस्टकडच्या उधारीबद्दल बोललो, ऑनलाइन औषधांबद्दल बोललो. अण्णांचं नावही घेतलं नाही. त्यांनी घाई केली नाही. नंतर मी थोडं वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७मध्ये एका लेखात मांडलं होतं की माणूस बदलायला काय पुरेसं असतं: समोरच्याचा खरेपणा, त्याचा बिनशर्त स्वीकार, आणि आपलं दुःख आपल्या बाजूनं समजून घेणं, आणि हे सगळं थोडंफार तरी आपल्यापर्यंत पोहोचणं. मला मात्र एवढंच कळत होतं की आठवड्यातले पन्नास मिनिटं मला कुणाला काही विकायचं नाही आणि कुणाला काही समजवायचं नाही.

मग शरीर. पुठ्ठ्याच्या वासानं छाती धडधडते त्यावर त्यांनी नेहमीचा उपाय सांगितला, आजूबाजूला दिसणाऱ्या पाच गोष्टी बघा, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका. घरी जमला. दुकानात अजिबात नाही, कारण दुकानात जे जे दिसतं ते सगळं मी एकदा चिखलात पाहिलं होतं. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ते सोडून देऊ. तुमच्या हातांना कुठलं काम डोळे मिटून येतं?" मी म्हणालो, स्ट्रिप मोजणं. तेव्हापासून खोकं आलं की मी ते उघडण्याआधी हातात दहा स्ट्रिप घेऊन मोजतो, श्वास सोडताना सावकाश, एकेक. हसण्यासारखं वाटेल, पण आजही करतो. दुकानातल्या मुलाला वाटतं मी माल तपासतो आहे.

मग विचार. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी माणसाला लेखांतून, व्याख्यानांतून बरीच ओळखीची आहे, मलाही ऐकून माहीत होती. वहीत रकाने आखायचे: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. माझ्या मनातलं वाक्य होतं, "माझ्या बोलण्यानं अण्णा गेले." विरुद्ध बाजूला मी लिहिलं: पंपिंग तीस टक्के, २०१७मध्ये एकदा ॲडमिट, हृदयाच्या डॉक्टरांनी आधीच दिलेली कल्पना, शहात्तर वय. हिशेब मला येतो. रकाने सुरेख भरले. त्या वाक्यावरचा विश्वास नव्वद टक्क्यांवरून चाळीसवर आला. पण रात्री बोट पाटीवरून जायची ती जायचीच.

इथं एक चूक झाली आणि ती सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. नवव्या भेटीत मॅडम म्हणाल्या, अण्णांना एक पत्र लिहून आणा. मला घमेलं आठवलं. मी काही न बोलता उठलो आणि पुढचे दोन आठवडे गेलो नाही, फोनही घेतला नाही. शेवटी गेलो ते पैसे देऊन संपवायला. तिथं सगळं बाहेर आलं, कागद, आग, टाळ्या. मी बराच वेळ मोठ्या आवाजात बोललो. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. म्हणाल्या, "मी आधी विचारायला हवं होतं. माझं चुकलं." माझ्यापेक्षा शिकलेल्या माणसानं माझ्यासमोर असं सरळ म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. त्या दिवसानंतर मी तिथं खरं बोलायला लागलो.

दर भेटीच्या शेवटी त्या तीन गोष्टी विचारायच्या. आपण कशासाठी भेटतो आहोत ते अजून तेच आहे ना? ज्या रीतीनं करतो आहोत ती पटते का? आणि आपल्या दोघांत सगळं ठीक आहे ना? सुरुवातीला मला ही औपचारिकता वाटली होती, बँकेतून बाहेर पडताना फॉर्म भरून घेतात तशी. नंतर त्यांनीच सांगितलं की मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९मध्ये या तीन गोष्टींना उपचाराच्या नात्याचा पाया म्हटलं होतं, ध्येय, काम आणि बंध, आणि पद्धत कुठलीही असो, या तिन्हींशिवाय ती फार पुढे जात नाही. त्याही आधी, १९३६मध्येच, सॉल रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञांनी विचारलं होतं की एवढ्या वेगवेगळ्या पद्धतींनी माणसं सारखीच बरी होतात, तर त्या सगळ्यांत समान असं काय आहे? माझ्या बाबतीत समान होता तो मॅडमचा तो प्रश्न, पटतं का? आणि "नाही" म्हणायची मुभा.

डिसेंबरमध्ये त्यांनी विचारलं. या वेळी आधी. भिंतीशी होती ती तिसरी खुर्ची समोर ठेवून अण्णा तिथं बसलेत असं धरून बोलायचं, हवं तेव्हा थांबायचं. मी दोन भेटी नाही म्हणालो. तिसऱ्या भेटीत हो म्हणालो.

तिथं मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगतो की थोड्या वेळानं मॅडमनी मला उठवून त्या खुर्चीत बसायला सांगितलं. म्हणाल्या, आता अण्णा काय म्हणतील ते म्हणा. मी बसलो. अण्णा बसायचे तसे हात आपोआप गुडघ्यावर गेले. आणि मी म्हणालो, "मी जेवढं पाणी बघितलं होतं तेवढ्यावर रेघ मारली रे."

हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत नाही. रकान्यांच्या वहीत ते कधी आलं नसतं. मी त्या खुर्चीत बराच वेळ रडलो, चार वर्षांत पहिल्यांदा. मॅडम काही बोलल्या नाहीत. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून जवळ ठेवलं.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगतो. हीच खुर्ची पहिल्या महिन्यात समोर ठेवली असती, गोळ्या चालू नसताना, मनात ते सकाळचे विचार असताना, तर ती मला घमेल्यासारखीच जाळून गेली असती असं मला वाटतं. बाटली तीच असते, दिवस वेगळा असतो. औषधविक्रेत्याला यापेक्षा वेगळं काय सांगायचं!

फेब्रुवारीनंतर त्यांनी "कोचिंग" हा शब्द पहिल्यांदा काढला आणि मी खुर्चीतच आखडलो. त्या म्हणाल्या, कोचिंगमध्ये माणसाच्या अंगात ताकद आहे हे धरून चालतात, म्हणून ते आधी केलं नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये आलात तेव्हा तुमच्यात ती नव्हती, आता आहे. मग त्यांनी विचारलं, येत्या पावसाळ्याला तोंड द्यायची तयारी एक ते दहामध्ये कितीवर आहे? मी म्हणालो, तीन. मला वाटलं होतं त्या म्हणतील, दहावर कसं जायचं. त्या म्हणाल्या, "तीन का? एक का नाही?" मी विचार करून सांगितलं: २०२१ला माल वाचवला होता. "आणि चार व्हायला काय लागेल?"

चार व्हायला लागला एक कागद. आधी आठवडाभर मी मोबाइलवर पातळी किती वेळा बघतो ते खडूनं पाटीवर मांडलं. एका दिवशी एकेचाळीस वेळा. नदी दिसेनाशी झाली तरी मी बघत होतो. मग ठरलं: सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, दोनदाच. आणि बघून काय करायचं तेही आधीच लिहून ठेवायचं. ३० फूट, काही नाही. ३५, खालचे दोन कप्पे रिकामे. ३८, इन्सुलिन आणि फ्रीजमधला सगळा माल बर्फाच्या डब्यातून मेहुण्याकडे. ४०, बाकी माल टेम्पोनं, टेम्पोवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवायचं. ४२, आम्ही स्वतः, कागदपत्रांची पिशवी घेऊन. रेघ कुठलीही असो, त्यावर अवलंबून राहायचं नाही. हा कागद मी, बायकोनं आणि लेकीनं बसून केला. लेक आता चौदाची आहे. ४२च्या पुढे तिनं लिहिलं, "कुणी कुणावर ओरडायचं नाही."

२०२४च्या जुलैत पाणी इशारा पातळीच्या आसपास आलं. आम्ही कागदाप्रमाणे चाललो. ३५ला कप्पे रिकामे केले, ३८ला बर्फाचे डबे निघाले. माझे हात थरथरत होते, हे खरं आहे. पण कुठलं काम कधी करायचं हे रात्री दोन वाजता ठरवायचं नव्हतं. त्या रात्री मी पाच तास झोपलो, गोळीशिवाय. पुढे पाणी उतरलं.

आता तीन-चार गोष्टी, विचारणाऱ्यांसाठी. "लाइफ कोच" ही पाटी लावायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. मला औषधाचं दुकान चालवायला फॉर्म २० आणि २१चे परवाने लागतात, आणि कुणाचंही दुःख दोन दिवसांत जाळून द्यायला काहीच लागत नाही, याचा मला मनापासून राग येतो. तेव्हा कुणाकडेही जाल तर विचारा. शिक्षण काय, किती वर्षं काम करता, तुमचं काम तपासून बघणारं कुणी वरिष्ठ आहे का, आणि कुठल्या परिस्थितीत तुम्ही मला डॉक्टरकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाला "गरज पडत नाही" असं उत्तर आलं तर तिथून उठा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कुणी सांगत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारता येते, त्यात कुणाचा अपमान नाही. पैशाचा प्रश्न खराच आहे. चोवीस भेटींचे जवळजवळ सतरा हजार झाले, सगळ्यांना परवडणार नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो आणि १४४१६ तर फुकट आहे, तिथून सुरुवात करा. आणि जिवाचे विचार येत असतील तर हा लेख इथंच थांबवून आधी फोन करा, नंतर वाचा.

शेवटच्या प्रश्नावल्या भरल्या तेव्हा माझे आकडे होते ६ आणि ५. एस्सिटॅलोप्राम डॉक्टरांनी लगेच बंद केलं नाही, आणखी काही महिने चालू ठेवून मग कमी करत नेलं. पुठ्ठ्याचा वास अजून येतो. अण्णांची आठवण येते तेव्हा बोटीआधीचे अण्णासुद्धा येतात, सकाळी काउंटरवर उदबत्ती लावणारे, नव्या गिऱ्हाइकाला गोळी कशाबरोबर घ्यायची ते दोनदा समजावणारे. मधली काही वर्षं ते आलेच नव्हते.

दिवाळीआधी दुकान रंगवलं. रंगाऱ्यानं विचारलं, ही तांबडी रेघ पुसायची का? मी नको म्हणालो. तिच्या वर, जवळजवळ छताशी, २०१९ची दुसरी रेघ मारून घेतली, तशीच तांबडी, आणि लेकीनं शिडीवर चढून बाजूला साल लिहिलं.

मॅडमकडे आता वर्षातून दोनदाच जातो. पुढची वेळ जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतली आहे, मिरगाच्या आधी.